बैल, अकरा रेडिओ आणि शब्दकोडं

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. वय ५३. मालक एसटीत चालक होते, दोन वर्षांमागं निवृत्त झाले. धाकटी मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई वारल्या. आणि गेल्या पोळ्याच्या आठ दिवस आधी शेतातला हौश्या नावाचा बैल पोट फुगून गेला. तेव्हापासून मालकांना एक नाद लागला. आठवडी बाजारातून, भंगारवाल्याकडून जुने रेडिओ आणायचे आणि ओसरीवर दुरुस्त करत बसायचं. ताईंनी मोजले, अकरा झालेत. शेवटी त्या लिहितात, “आम्ही भांडत नाही, पण बोलणंच राहिलं नाही. बैलासाठी कुणी वर्षभर झुरतं का म्हणून लोक हसतात. हे सुधारेल का? आणि त्यांच्यासोबत मीही हा छंद लावून घेऊ का?”

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे म्हणून ते आधी देते. नका लावून घेऊ.

नवरा-बायकोचा छंद एक असला की संसार सुखाचा होतो, हे हल्ली फार ऐकू येतं. गेली २७ वर्षं मी जोडप्यांशी बोलायचं काम करते, त्यातली बरीचशी कोर्टाच्या समुपदेशन कक्षात गेली. एकाच भजनी मंडळात पेटी आणि टाळ वाजवणारी जोडपीही माझ्यासमोर बसून गेलीत. आणि ज्यांच्यात त्याला कुस्तीचा फड आणि तिला देवळातली पोथी, असा काडीचाही मेळ नव्हता, त्यांची लेकरं आता लग्नाच्या पत्रिका घेऊन येतात. तुम्ही सोल्डरची कांडी हातात घेऊन ओसरीवर बसलात तर चार दिवस बरं वाटेल. पाचव्या दिवशी तुमचा हात भाजेल आणि ते म्हणतील, राहू दे, तुला नाही जमायचं.

यात एक गोष्ट मात्र खरी आहे. अमेरिकेत आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली जोडप्यांवरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात नवरा-बायकोचं एका बाजूचं मनगट आणि पाय एकमेकांना बांधून त्यांना गाद्यांवरून रांगायला लावलं. मध्ये एक अडथळा, आणि दोघांच्या अंगांमध्ये धरलेली उशी हात न लावता पलीकडे न्यायची. आपल्याकडच्या मळ्यात हे कुणी पाहिलं तर देवऋषी बोलावतील. पण सात मिनिटांच्या त्या खेळानंतर ती जोडपी आपल्या नात्याबद्दल जास्त चांगलं बोलली. ज्यांना नुसता चेंडू ढकलायला दिला होता त्यांच्यात तसं दिसलं नाही. यातून मी घेते ते एवढंच, की दोघांनाही नवं असलेलं काहीतरी अधूनमधून मिळून करावं. एकाचा छंद दुसऱ्यानं उसना घेणं ही निराळी गोष्ट झाली. तेव्हा एखाद्या दिवशी चारठाण्याला जा, तिथली जुनी देवळं आणि दीपमाळ बघा. औंढा नागनाथ तुम्ही दहादा केलं असेल, चारठाणा केलं नसेल. तुम्हाला एसटीत अर्धं तिकीट आहेच. आणि निवृत्त चालकाशेजारी बसून प्रवास करण्यातली मजा वेगळीच, प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबेल. तेव्हा हसून घ्या.

आता बैलाकडे येते.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे. दोन लांब वाक्यांच्या मध्ये तुम्ही ती घाईनं लिहिलीय: “दुसरा होता बारक्या, तो मीच म्हणाले विकून टाका, एकट्याला वैरण किती घालायची.” ही ओळ मी तीनदा वाचली. तुमचं म्हणणं चूक नव्हतं. एका बैलावर औत चालत नाही, सावड करायला आता गावात दुसऱ्याकडे बैल उरलेला नाही, सगळे ट्रॅक्टरवाल्याला तासावर पैसे देतात. कडब्याचा भावही तुम्हाला ठाऊक. हिशोब बरोबरच होता. पण त्या माणसाच्या बाजूनं बघा. पोळ्याआधी आठ दिवस जोडीतला एक बैल शेतात खड्डा खणून, मीठ टाकून पुरला. सासूबाईंचं दहावं-तेरावं झालं, पै-पाहुणे येऊन बसले, रडले, जेवले. हौश्याला कोण आलं? मग खांदेमळणीची संध्याकाळ आली. लोणी-हळदीनं खांदे मळून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असं ज्याला म्हणायचं, तोच नाही. दुसऱ्या दिवशी वेशीत तोरणाखाली दुसऱ्यांचे बैल, झूल, बाशिंगं, बेगड लावलेली शिंगं. आणि त्यानंतर दाव्याला उरलेला एकटा बारक्याही गेला.

लोक हसतात असं तुम्ही लिहिलंय. आजूबाजूचे ज्याला दुःखच मानत नाहीत, अशा दुःखाला केनेथ डोका या अमेरिकेतल्या अभ्यासकानं १९८९ मध्ये एक नाव दिलं. मी मराठीत त्याला ‘बिनमान्यतेचं दुःख’ म्हणते. जनावर जातं, घराजवळचं झाड रस्त्यासाठी तोडलं जातं, पोटातलं बाळ तिसऱ्या महिन्यात जातं, नोकरीतली रोजची गाडी सुटते. सुतक नाही, कुणी भेटायला येत नाही, रडायला जागा नाही. जागा नसली म्हणजे दुःख नाही असं कुठं असतं? ते हातात उतरतं, कामात उतरतं. तुमच्या मालकांची गाडीही दोन वर्षांपूर्वीच सुटलीय, हे विसरू नका. पस्तीसेक वर्षं ज्या हातात स्टेअरिंग होतं आणि सुट्टीच्या दिवशी कासरा, त्या हातांना आता दोन्ही धरायला नाही.

बायकांचं तोंड चालतं आणि पुरुषांचा हात, असं आमच्या आई म्हणायच्या. मला ते पूर्ण पटत नाही, मुक्यानं रांजण घासत रडणाऱ्या बायका मी खूप पाहिल्यात. पण एका घरात दोन माणसं एकाच दुःखाला दोन तऱ्हांनी सामोरी जातात, हे खरं. नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ साली यावर एक मांडणी केली, ती मला कामात फार उपयोगी पडली. माणूस दुःखात पायरी-पायरीनं वर चढत नाही, तो झोक्यावर असतो. एका टोकाला आठवण आणि रडू, दुसऱ्या टोकाला पुढची कामं, नवं शिकणं, विसरून जाणं. निकोपपणे दुःख करणारा माणूस दोन्हीकडे जाऊन येतो. नवरा-बायकोची पंचाईत कुठं होते? एकाचा झोका इकडे असतो तेव्हा दुसऱ्याचा तिकडे. तुम्ही सासूबाईंच्या खोलीत जाऊन बसता तेव्हा ते ओसरीवर रेडिओ उघडून बसलेले. तुम्हाला वाटतं, याला काहीच वाटत नाही. त्यांना वाटत असेल, हिला सारखं रडायला कसं जमतं. दोघंही झोक्यावरच आहात.

इथं माझंच एक सांगते. दिव्याखाली अंधार कसा असतो ते कळेल.

आमच्या ह्यांना पक्षी बघायचा नाद. नोव्हेंबर लागला की रविवारी पहाटे दुर्बीण, थर्मास, आणि चालले नाथसागरावर. जायकवाडी धरणाच्या या पाणपसाऱ्यावर थंडीत बाहेरदेशचे पक्षी उतरतात, चक्रवाक, थापट्या, पट्टकादंब, कधी रोहित. मला थंडीही सोसत नाही आणि बदकंही सगळी सारखीच दिसतात. नऊ वर्षं मी कुरकुर केली. पेट्रोल, रविवार, सुटलेलं पोट, जे हाताशी येईल ते बोलले. आठवडाभर दुसऱ्यांचे संसार निस्तरायचे आणि आपला नवरा रविवारी बदकांकडे, असं माझं चाललेलं.

मग २०१६ चा उन्हाळा आला. तोच, ज्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. नाथसागर तळाला गेला होता. हे एप्रिलमध्ये म्हणाले, चल. मी म्हटलं, एप्रिलमध्ये कसले पक्षी? तरी गेले. भेगाळलेल्या गाळावरून आम्ही खूप चाललो. एका जागी ओळीत दगड होते, जोत्याचे. हे एका दगडावर उभे राहिले आणि म्हणाले, “हा उंबरा. इथं म्हशी बांधायचे.” आणखी काहीच नाही. जरा वेळानं पाण्याच्या कडेला बोट दाखवलं, “ते बघ, शेकाट्या.”

धरण १९७६ ला पूर्ण झालं. शंभराच्या वर गावं पूर्ण किंवा अर्धीमुर्धी पाण्यात गेली. हे तेव्हा दुसरीत होते. त्यांचं गाव पाण्यात गेलंय हे मला लग्नापासून माहीत होतं, आमच्या लग्नाच्या बैठकीत ‘धरणग्रस्त’ हा शब्द आलाही होता. पण नऊ वर्षं हा माणूस दुर्बीण घेऊन नेमका त्याच काठाला का जातो, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पक्षी खोटे नव्हते, त्यांना पक्षी खरंच आवडतात, अजूनही. पण नुसते पक्षीही नव्हते.

आता मी दर रविवारी जाते असं समजू नका. महिन्यातून एकदा जाते, वहीत आकडे लिहिते आणि चहा ओतते. बदकं अजून सारखीच दिसतात.

तुमच्या घरी रेडिओच्या मागं काय आहे ते मी इथं बसून सांगणार नाही. कदाचित काहीच नसेल, हाताला चाळा असेल. कदाचित शेतातल्या आखाड्यावर दावणीजवळच्या खुंटीला एक ट्रान्झिस्टर लटकलेला असायचा, आणि बैलांना पाणी पाजताना त्यावर बाजारभाव लागायचे. हे तुम्ही विचारायचं. पण ‘तुम्हाला काय होतंय?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला आपल्याकडच्या पुरुषाचं उत्तर ठरलेलं आहे, “मला काय होतंय?” छोटं विचारा. पहिला रेडिओ कुणाचा होता? खरखर कशानं येते? ते सांगतील की आवाजाच्या बटणात आत धूळ आणि काजळी बसते. डायलचा दोरा निसटला की काटा हलत नाही. दोन मिनिटं सांगतील आणि थांबतील. तेवढंच पुष्कळ. तिथंच उठू नका, भाजी निवडायची असेल तर तिथं बसून निवडा.

याला एक पुरावाही आहे आणि तो तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही लिहिलंय, एका दुपारी ते आत आले आणि म्हणाले, “लागला गं!” आणि तुम्ही म्हणालात, “बरं झालं, आता तरी तो पसारा आवरा.” ताई, मी हसले, कारण हे वाक्य माझ्या घरातही सापडेल. शेली गेबल नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी २००४ मध्ये दाखवलं की आपण आनंदाची बातमी सांगतो तेव्हा जोडीदार कसा प्रतिसाद देतो, याचा नात्याच्या सुखाशी जवळचा संबंध असतो. हूं म्हणून सोडून दिलं, त्यातलं वाईट काढलं, विषय बदलला, तर सांगणारा पुढच्या वेळी सांगत नाही. माझ्या कामाचा अनुभव तोच आहे. कागदावर भांडणं पैशाची, सासरची, दारूची असतात. पण खोलीचं दार लोटून घेतलं की बाई सांगते, “मी कुरडया छान झाल्या म्हणाले तर मोबाईलमधून मान वर केली नाही.” आणि बाप्या सांगतो, “पगार वाढला त्या दिवशी घरी सांगितलं, तर ही म्हणाली, एवढाच?” दुःखात धावून आलेले लोक माणूस लक्षात ठेवतो. आनंदात न थांबलेले मात्र त्याहून जास्त लक्षात राहतात.

तर पुढच्या वेळी ‘लागला गं’ ऐकलं की एवढंच विचारा, “कुठलं स्टेशन?” परभणी आकाशवाणी असेल तर दोन मिनिटं उभं राहून ऐका. पसाऱ्याचं दुसऱ्या दिवशी बोला. तेही बोलाच, अकरा रेडिओंनी ओसरी अडवली तर रागावण्याचा तुमचा हक्क आहे. एक फळी ठरवून द्या, जेवढे फळीवर मावतील तेवढे. बारावा आला तर आधीचा एक कुणाला तरी देऊन टाकायचा.

बारक्याची गोष्ट मात्र टाळू नका. हे अवघड आहे. एखाद्या संध्याकाळी, घरात दुसरं कुणी नसताना, इतकंच म्हणा, “बारक्याला विकायचं मी बोलले. ते तुम्हाला लागलं का?” आणि गप्प बसा. वैरणीचा हिशोब काढू नका, तो त्यांना तुमच्याइतकाच पाठ आहे. माफीही लगेच मागू नका, माफी मागितली की समोरच्याला ‘जाऊ दे’ म्हणावं लागतं आणि विषय पुन्हा बुडतो. ते काही न बोलता उठून जाऊ शकतात. गेले तरी प्रश्न पोचलेला असतो. माझ्याकडे एक गृहस्थ बायकोच्या असल्याच एका प्रश्नाला तीन आठवड्यांनी उत्तर देऊन मोकळे झाले, तेही मोटारसायकलवर, पाठमोरे.

आता तुमच्याबद्दल. चार पानांत तुम्ही स्वतःवर किती लिहिलंय ते मोजलं का? सात ओळी. त्यात “मला कसला छंद” असं म्हणून पुढच्याच ओळीत लिहिता की सासूबाईंसोबत रोज दुपारी पेपरातलं शब्दकोडं सोडवायचा. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण ‘तीन अक्षरी, एक रानभाजी’ म्हटलं की त्या पडल्या-पडल्या उत्तर द्यायच्या. देवांची नावं, नाती, झाडं, शेतीची अवजारं सगळी त्यांची, आणि नद्या, राजधान्या तुमच्या. त्या गेल्यापासून पेपर न उघडता रद्दीत जातो. ताई, सहा वर्षं त्यांचं हागणं-मुतणं काढलंत, त्या गेल्यावर लोकांनी ‘सुटल्या बिचाऱ्या’ म्हटलं, काहींनी ‘तूही सुटलीस’ म्हटलं असेल. सुटलेल्या बाईची दुपार अशी ओस पडते का? सासू गेल्याचं खरं दुःख करायची सुनेला आपल्यात पद्धतच नाही. म्हणून विचारते, तुमचं दुःख तरी कुणी मान्य केलंय का? मालकांनी विचारलं नाही, आणि तुम्हीही सांगितलं नाही.

कोडं पुन्हा सुरू करा. पहिले काही दिवस जड जातील, रानभाजी आली की पेन थांबेल. थांबू द्या. आणि गावांची नावं आली की ओसरीकडे तोंड करून विचारा, “अहो, चार अक्षरी, गोदाकाठचं गाव?” पस्तीस वर्षं ज्यानं परभणी, गंगाखेड, परळी, नांदेड तुडवलं, त्याला थांबे तोंडपाठ असणार. हा त्यांचा छंद नव्हे आणि सासूबाईंची जागाही त्यांना भरायची नाही. त्यांना उत्तर येत असलेला प्रश्न विचारायचाय, एवढंच.

हे सारं मी लिहितेय ते तुम्ही म्हणता तशी परिस्थिती आहे असं धरून. मारहाण, संशय, रोजची दारू असेल तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही, तिथं आधी सुरक्षितता. आणि एक डोळा यावर ठेवा: ते जेवण सोडतात का, रात्र-रात्र जागतात का, अंघोळ-दाढी सुटली का, ‘आता राहून काय उपयोग’ असं बोलतात का. सध्या ते बाजारात जातात, रेडिओ लागला की आत येऊन सांगतात, ही मला चांगली खूण वाटते. पण वर्ष उलटून गेल्यावरही दुःख रोज तितकंच धारदार असेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर डॉक्टरी भाषेतही त्याला वेगळं नाव आहे, आणि त्यावर उपचार होतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो. फोनवर बोलायचं तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ वर, दिवसरात्र, मराठीतही. मरणाची भाषा ऐकली तर मात्र वर्षाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन लावायचा.

पोळा महिन्यावर आलाय. त्या दिवशी मालक कुठंतरी निघून जातील, मला वाटतं जिंतूर नाहीतर मानवतच्या बाजाराचं निमित्त काढतील. आधीच विचारून ठेवा. पाटावर मातीची बैलजोडी बसवायची का, की ज्याला बारक्या विकला त्याच्या घरी पुरणाचा घास घेऊन जायचं? बारक्या तिथं असेल का, हे आधी फोन करून बघा, मगच हा विषय काढा. तो नसला तर मातीची जोडी बरी. दोन्ही नको म्हणाले तर नको, पण विचारलेलं बरं.

आणि अकरापैकी एक रेडिओ, ज्याचा आवाज खणखणीत आहे तो, स्वयंपाकघरासाठी मागून घ्या. सेल त्यांनाच आणायला सांगा. कोडं सोडवताना तोच लावत जा.